कॅमेरा कुठे उभा होता? विमानवाहू नौकांवरचे जुने युद्धपट पाहायला शिकताना

मी या छंदात शिरलो ते चुकीच्या दारातून. दुसरं महायुद्ध संपल्यावर जुन्या फितींचे तुकडे जोडून केलेली एक लांबलचक मालिका हाती लागली आणि गणपतीच्या सुट्टीत मी तिचे सात भाग एका बैठकीत संपवले. सातव्या भागापर्यंत एकच विमान तीनदा समुद्रात कोसळताना पाहिलं होतं, तेही दर वेळी निराळ्या लढाईत. फसवल्यासारखं वाटलं. नंतर कळलं की फसवणूक अर्धीच होती, उरलेला अर्धा दोष बघणाऱ्याचा होता. मी फक्त धूर आणि धडाके बघत होतो. हे चित्र घेतलं कुणी, तो माणूस त्या क्षणी कुठे उभा होता, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

या लेखात मी तुम्हाला तेवढा एकच प्रश्न विचारायची सवय लावणार आहे. बाकीच्या पायऱ्या त्याच्या सोयीसाठी आहेत.

पहिली पायरी: एकच चित्रपट, एकच संध्याकाळ

‘द फायटिंग लेडी’ने सुरुवात करा. साल १९४४, लांबी ६१ मिनिटं. अमेरिकी नौदल आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स यांनी मिळून केलेला, त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ऑस्कर मिळवणारा चित्रपट. चित्रीकरण एडवर्ड स्टायकेन यांच्या देखरेखीखाली झालं. हे स्टायकेन म्हणजे फॅशन मासिकांसाठी फोटो काढणारे नामवंत छायाचित्रकार. साठी ओलांडल्यावर नौदलात भरती झाले आणि नौदलाच्या हवाई शाखेसाठी छायाचित्रकारांची एक तुकडीच त्यांनी उभी केली. पटाचं निवेदन रॉबर्ट टेलरचं आहे. तो हॉलिवूडचा नट, पण त्या वेळी नौदलाच्या गणवेशात होता.

इथूनच सुरुवात का, तर हा पट मुळात रंगीत आहे. १६ मिमीच्या कोडाक्रोम फिल्मवर चित्रण करून नंतर ते ३५ मिमी टेक्निकलरमध्ये वाढवून घेतलं. कोडाक्रोमचे रंग टिकाऊ असतात, त्यामुळे समुद्राची निळाई आणि डेकवरच्या माणसांचे पिवळे-निळे सदरे आजही ताजे दिसतात. काळ्या-पांढऱ्या पटात नवख्याला माणूस आणि यंत्र वेगळं काढायला कष्ट पडतात. इथे नजर आपोआप माणसांकडे जाते.

‘व्हिक्टरी अ‍ॅट सी’ ही एनबीसी या अमेरिकी टीव्ही वाहिनीची २६ भागांची मालिका बरेच जण सुचवतील. रिचर्ड रॉजर्सचं संगीत सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. पण ती १९५२-५३ मधली आहे, युद्धानंतर जुळवलेली आहे. ती सहा महिन्यांनी बघा. अनोळखी रागाची ओळख रिमिक्सवरून कुणी करून देत नाही.

दुसरी पायरी: प्रत निवडताना नाक तिखट ठेवा

अमेरिकी सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून जे चित्रण केलं, त्यावर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो. म्हणून या पटांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हवर, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात आणि यूट्यूबवर सहज मिळतात. पैसे मोजायची गरज नाही. मी एकदा मोजले होते. ‘दुर्मीळ, नव्याने शोधलेलं’ असं छापलेली डीव्हीडी घेतली आणि आत फुकटात मिळणारीच प्रत निघाली, वर कोपऱ्यात दुकानाचा शिक्का.

मात्र मुबलक मिळतं त्याचा एक तोटा आहे. एकाच पटाच्या दहा-बारा प्रती समोर येतात आणि त्यातल्या निम्म्या बिघडवलेल्या असतात. शोधताना चित्रपटाचं नाव आणि साल दोन्ही टाका. मग लांबी बघा. ६१ मिनिटांचा पट ४३ मिनिटांत संपत असेल तर कुणीतरी कात्री चालवली आहे. ‘आता रंगीत’, ‘फोर-के’, ‘६० फ्रेम’ असली बिरुदं दिसली की पुढे सरका. संगणकाने गुळगुळीत केलेल्या चित्रात समुद्राच्या लाटा तुपासारख्या दिसतात, माणसांचे चेहरे मेणाचे होतात, आणि मूळ फितीवरचे ओरखडे, थरथर, मध्येच उडालेली चौकट हे सगळं पुसलं जातं. ते ओरखडे तुम्हाला पुढे पुराव्यासारखे लागणार आहेत.

थोडी अंधुक, खरखरीत, पण अखंड प्रत मिळाली की ती उतरवून ठेवा. चाचपडत मागे-पुढे करताना नेट अडखळलं की सगळा रस जातो.

तिसरी पायरी: अर्धा तास जहाजाला द्या

पट लावण्याआधी जहाजाची ओळख करून घ्या. क्रिकेट न समजणाऱ्या पाहुण्याला थेट शेवटच्या षटकाला टीव्हीसमोर बसवलं तर तो काय बघणार?

‘फायटिंग लेडी’ म्हणजे प्रत्यक्षात ‘यूएसएस यॉर्कटाउन’, क्रमांक सीव्ही-१०. गुप्ततेमुळे पटात तिचं नाव एकदाही घेतलेलं नाही. ती एसेक्स वर्गातली, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या नौकांपैकी. या वर्गाच्या २४ नौका अमेरिकेने बांधून पूर्ण केल्या. लांबी सुमारे २६५ मीटर, पोटात आणि पाठीवर मिळून ९०-१०० विमानं, तीन हजारांच्या आसपास माणसं. थोडक्यात, एक छोटं गाव आणि त्याचा विमानतळ ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने समुद्रावरून धावतोय.

वरचं सपाट पठार म्हणजे फ्लाइट डेक. त्याच्या उजव्या कडेला उभी इमारत आहे, तिला ‘आयलंड’ म्हणतात. कप्तान, रडार, धुराडं, सगळं तिथे. डेकच्या खाली हँगर, जिथे विमानं ठेवतात आणि दुरुस्त करतात. दोन्हींमध्ये ये-जा करायला विमानाला पुरेल एवढ्या लिफ्ट. विमानांचे पंख दुमडलेले दिसतील. जागा वाचवायचा तो उपाय.

आता मुख्य गोष्ट. त्या काळात डेक सरळ होता, आजच्यासारखा तिरक्या पट्ट्याचा नव्हता. (तिरक्या डेकचे प्रयोग १९५२ मध्ये झाले.) उतरणारं विमान मागच्या बाजूने येतं, शेपटीखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या जाड तारांपैकी एकीत अडकतो आणि विमान झटक्यात थांबतं. हुक अडकला नाही तर? पुढे आधी उतरलेली विमानं दाटीवाटीने उभी असतात. त्यांच्या आणि या विमानाच्या मध्ये उभारलेलं तारांचं कुंपण एवढाच काय तो आडोसा. हे एकदा डोक्यात बसलं की पटातलं साधं उतरणंही श्वास रोखून बघावंसं वाटतं.

डेकच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात एक माणूस दोन्ही हातांत रंगीत पंखे घेऊन उभा दिसेल. तो लँडिंग सिग्नल ऑफिसर. स्वतः वैमानिक असतो. हातांच्या खुणांनी येणाऱ्या विमानाला वर, खाली, तिरका आहेस, वेग कमी कर असं सांगतो. शेवटी एक हात गळ्याकडे नेतो: इंजिन तोड, उतर. मला विचाराल तर या सगळ्या पटांचा खरा नायक हाच. गंमत म्हणजे अमेरिकी खुणा आणि ब्रिटिश खुणा सुरुवातीला उलट्या होत्या. अमेरिकी अधिकाऱ्याने हात वर केले तर अर्थ ‘तू फार वर आहेस’, ब्रिटिशाने केले तर ‘वर जा’. एकाच्या वैमानिकाने दुसऱ्याच्या नौकेवर उतरायचं म्हणजे काय गोंधळ होत असेल!

विमानं चारच ओळखा, पुरे आहेत. हेलकॅट हे बोजड, गोल नाकाचं लढाऊ विमान. अ‍ॅव्हेंजर हे पोट सुटलेलं, तिघांचं, टॉर्पेडो टाकणारं. डाँटलेस आणि हेलडायव्हर ही सूर मारून बॉम्ब टाकणारी. डाँटलेसचे पंख दुमडत नाहीत आणि सूर मारताना उघडणाऱ्या त्याच्या झडपांना चाळणीसारखी भोकं असतात. न दुमडणारे पंख आणि ही भोकं एकत्र दिसली की ओळख पटली. आधी डाँटलेस होतं, मग त्याच्या जागी हेलडायव्हर आलं. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

नावांचा घोळही आत्ताच मिटवू. यॉर्कटाउन दोन आहेत. पहिली, सीव्ही-५, जून १९४२ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईत बुडाली. दुसरी तेव्हा बांधली जात होती, तिचं ठरलेलं नाव वेगळं होतं, ते बदलून तिला यॉर्कटाउन केलं आणि एप्रिल १९४३ मध्ये ती सेवेत आली. लेक्सिंग्टन, हॉर्नेट आणि वास्प यांचंही तसंच. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, तोच प्रकार. आपली पहिली विक्रांत १९६१ ची आणि दुसरी २०२२ ची. पटाचं साल बघितल्याशिवाय ‘यॉर्कटाउन’ या शब्दाला अर्थ नाही.

चौथी पायरी: पहिल्यांदा बघताना काहीही करू नका

फोन दुसऱ्या खोलीत. वही नको. थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही. ‘द फायटिंग लेडी’ सलग बघा आणि तिला तुम्हाला भारावून टाकू द्या. ती त्यासाठीच केली होती. नवी नौका, कोवळी पोरं, कंटाळा, पनामाचा कालवा, मग पॅसिफिकमधल्या मार्कस बेटावरचा ३१ ऑगस्ट १९४३ चा पहिला हल्ला, पुढे क्वाजालीन, फेब्रुवारी १९४४ मधलं ट्रुक, जूनमधली मेरियाना बेटांजवळची मोठी हवाई लढाई. अधूनमधून आइस्क्रीम, पत्ते, पत्रं. आणि शेवटाकडे, मघाशी हसताना पाहिलेले काही चेहरे पुन्हा दाखवून निवेदक सांगतो की हे परत आले नाहीत.

माझ्या वडिलांनी हा पट माझ्यासोबत पाहिला तेव्हा त्यांना निवेदकाचा आवाज ऐकून थिएटरमधलं न्यूजरील आठवलं. मुख्य सिनेमाआधी सक्तीने लागणारं ‘भारतीय समाचार चित्र’. तोच घाईचा, खात्रीचा सूर, ज्यात शंकेला जागा नाही. तुमच्या घरात साठीपुढचं कुणी असेल तर त्यांना सोबत घेऊन बसा, ते हा सूर चटकन ओळखतात.

पाचवी पायरी: दुसऱ्यांदा, आवाज बंद आणि वही उघडी

खरं काम इथे सुरू होतं. दोन दिवस जाऊ द्या, मग तोच पट पूर्ण मुका करून लावा.

मुका का करायचा, ते आधी. युद्धातलं बहुतेक चित्रण १६ मिमीच्या हातातल्या कॅमेऱ्यांवर झालं आणि त्या कॅमेऱ्यांना आवाज टिपताच येत नव्हता. तुम्ही ऐकता ते इंजिनांचे घरघराट, तोफांचे धडाके नंतर स्टुडिओत घातलेले असतात. पडताळा सोपा आहे. दूर क्षितिजावर, समजा तीन किलोमीटरवर, जहाजावर स्फोट होतो आणि धडाका त्याच क्षणी ऐकू येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे तो पोहोचायला नऊ सेकंद लागायला हवेत. पावसाळ्यात वीज चमकल्यावर आकडे मोजत बसायची सवय असलेल्या माणसाला हे सांगायला नको.

आता प्रत्येक दृश्याला वहीत एकच गोष्ट लिहा: कॅमेरा कुठे आहे?

डेक वरून, तिरका दिसतोय? मग छायाचित्रकार आयलंडच्या सज्जात उभा आहे. सुरक्षित नाही, पण स्थिर. विमानाची चाकं नजरेच्या पातळीवर दिसतायत? मग तो डेकच्या कडेच्या अरुंद जाळीदार मार्गात, तोफांच्या माणसांत उभा आहे, आणि भरकटलेलं विमान आलं तर त्याला तिथेच खाली वाकावं लागणार. शेपटी आणि मागे पडत जाणारं बेट दिसतंय? कॅमेरा विमानाच्या मागच्या आसनावर आहे. चित्र थरथरतंय, समोर शत्रूचं विमान, त्याकडे जाणाऱ्या गोळ्यांच्या रेषा, आणि दृश्य दोन-चार सेकंदांत संपतं? तिथे माणूसच नाही. तो बंदुकीसोबत जोडलेला कॅमेरा, चाप ओढला की चालणारा आणि सोडला की थांबणारा. ‘द फायटिंग लेडी’मधल्या हवाई लढाया अशाच यंत्रांनी टिपलेल्या आहेत.

आणि मग एखादं दृश्य असं येतं की उत्तरच मिळत नाही. वैमानिकाचा चेहरा समोरून, जवळून, छान प्रकाशात, मागे आकाश, आणि म्हणे तो या क्षणी लढतोय. कॅमेरा कुठे? प्रोपेलरवर? वहीत फुली मारा. हे दृश्य जमिनीवर किंवा निवांत वेळी घेतलेलं आहे. अशा फुल्या पडल्या म्हणून पट खोटा ठरत नाही. जोडकाम कुठे आहे तेवढं दिसतं. ‘द फायटिंग लेडी’तही काही चित्रण दुसऱ्या विमानवाहू नौकांवरचं आहे.

तिसरा पडताळा विमानांचा. हल्ल्याला निघालेलं विमान डाँटलेस आणि परत आलेलं हेलडायव्हर असेल, तर दोन वेगळ्या दिवसांचे तुकडे जोडलेत. सावल्यांची दिशा बघा, डेकवर रंगवलेला आकडा बघा, सोबतची जहाजं बघा. सुरुवातीला दहा मिनिटांचा तुकडा बघायला तास लागेल. हरकत नाही. शब्दकोडं सोडवायलाही लागतो.

या खेळाचं माझं आवडतं उदाहरण माहितीपटातलं नाही. १९५१ मध्ये ‘यूएसएस मिडवे’ या विमानवाहू नौकेवर कमांडर जॉर्ज डंकन यांचं पँथर जेट उतरताना डेकच्या मागच्या कडेवर आपटलं. विमानाचे तुकडे झाले, आगीचा लोळ उठला आणि वैमानिकासह पुढचा भाग डेकवर गडगडत गेला. डंकन भाजले, पण वाचले. ही फीत इतकी थरारक की सिनेमावाल्यांनी ती पुन्हा पुन्हा वापरली. १९७६ च्या एका मोठ्या हॉलिवूडपटात ती चक्क १९४२ च्या लढाईतला अपघात म्हणून येते. १९४२ मध्ये, विमानवाहू नौकेवर, जेट! थिएटरातल्या किती जणांनी ओळखलं असेल? तुम्ही आता ओळखाल.

सहावी पायरी: मिडवे, अठरा मिनिटं

आता जॉन फोर्डचा ‘द बॅटल ऑफ मिडवे’ लावा. साल १९४२, लांबी १८ मिनिटं. यावर थोडा जास्त वेळ काढणार आहे, कारण ‘कॅमेरा कुठे होता’ या प्रश्नाचं इतकं रोखठोक उत्तर दुसऱ्या कुठल्याच पटात मिळत नाही.

फोर्ड तेव्हा नामांकित दिग्दर्शक आणि नौदलात अधिकारी. ४ जून १९४२ च्या सकाळी जपानी विमानं मिडवे बेटावर आली तेव्हा तो वीजघराच्या छतावर कॅमेरा घेऊन उभा होता. हल्ल्यात त्याच्या हाताला बॉम्बचा तुकडा लागून तो जखमी झाला. पटात एके ठिकाणी चित्र अचानक उसळतं, चौकटीची कड दिसते, फीत दात्यांवरून निसटल्यासारखी होते. जवळच बॉम्ब पडलाय. संकलनात ते काढून टाकणं सोपं होतं, फोर्डने ठेवलं. त्याआधी युद्धाचं चित्र म्हणजे नीट बसवलेलं चित्र. त्यानंतरच्या सिनेमांनी हा धक्का मुद्दाम नक्कल करून वापरला. आजही युद्धाचा सिनेमा काढणारा माणूस कॅमेरा हलवतो तो या काही सेकंदांमुळे, असं माझं मत.

पण आता वही काढा. मिडवेची निर्णायक लढाई बेटावर झालीच नाही. ती समुद्रात, एकमेकांना न दिसणाऱ्या नौकांच्या विमानांमध्ये झाली. अकागी, कागा, सोर्यू, हिर्यू या चार जपानी विमानवाहू नौका बुडाल्या आणि अमेरिकेची पहिली यॉर्कटाउन गेली. फोर्डच्या छतावरून यातलं काहीही दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे पटातलं विमानवाहू नौकेवरचं चित्रण दुसऱ्या कॅमेऱ्याचं आहे, आणि जपानी नौका बुडतानाची दृश्यं तर नाहीतच. त्यांच्या जागी शेवटी फक्त आकडे येतात आणि रंगाचा ब्रश त्यांच्यावरून फिरतो. युद्धातला सर्वांत मोठा क्षण कुठल्याच अमेरिकी कॅमेऱ्यासमोर घडला नाही, आणि हे झाकण्यासाठी सगळा पट बेटावरच्या माणसांवर उभा केलाय. सुरुवातीचे निवांत पक्षी, संध्याकाळ, मग आग, मग जखमी, मग दफन.

अजून एक किस्सा प्रसिद्ध आहे. फोर्डने पटात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा मुलगा, मरीन कोअरमधला मेजर जेम्स रूझवेल्ट, याचं एक छोटं दृश्य घातलं. पट राष्ट्राध्यक्षांना दाखवल्यावर त्याच्या प्रदर्शनाला कुणाची अडकाठी उरली नाही. सरकारी कचेरीतून फाइल कशी पुढे सरकवायची हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना फोर्डच्या हुशारीचं कौतुक वाटेल.

हा पट संपला की उठू नका. लगेच ‘टॉर्पेडो स्क्वाड्रन ८’ लावा. जेमतेम आठ मिनिटं. लढाईआधी फोर्डच्या तुकडीने हॉर्नेटवरच्या टॉर्पेडो विमानांच्या वैमानिकांचं थोडं चित्रण केलं होतं. विमानाजवळ उभे राहून हसणारी, जरा लाजणारी पोरं. ४ जूनला त्या पथकाची १५ डेव्हास्टेटर विमानं हॉर्नेटवरून निघाली, सोबत एकही लढाऊ विमान नव्हतं, आणि पंधराही पाडली गेली. ३० जणांत वाचला एकटा एन्साइन जॉर्ज गे. फोर्डने मग ते चित्रण जोडून त्याच्या प्रती त्या मुलांच्या घरच्यांना पाठवल्या. हा पट थिएटरसाठी नव्हताच. त्यात लढाई नाही, धूर नाही. लग्नाच्या अल्बममधून गेलेल्या माणसाचा फोटो शोधून काढतो ना आपण, तसा हा पट आहे.

सातवी पायरी: नक्कल ओळखा, मग पलीकडे बघा

फोर्ड आणि छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांचा ‘डिसेंबर सेव्हन्थ’ हा पर्ल हार्बरवरचा पट अभ्यासासाठी उत्तम. तोही ऑस्करविजेता, १९४३ चा, ३४ मिनिटांच्या छोट्या रूपात. हल्ला होताना प्रत्यक्षात फारच थोडं चित्रण झालं होतं, म्हणून त्यांनी लहान प्रतिकृती आणि नट घेऊन हल्ला उभा केला. पुढे काय झालं, तर तीच बनावट दृश्यं दशकानुदशकं खरी म्हणून फिरत राहिली, दूरदर्शनवरच्या कार्यक्रमांत, पुस्तकांत. पाण्याचे थेंब प्रमाणाबाहेर मोठे दिसले, ज्वाळा जहाजाच्या मानाने फार झरझर हलल्या, तर समजा पाण्याची टाकी आणि हातभर लांबीचं जहाज आहे. पाणी आणि आग लहान करता येत नाही. प्रतिकृती इथेच उघडी पडते.

जपानी बाजूला याचा गुरू बसलाय. तोहो कंपनीचा १९४२ चा हवाई आणि मलायाच्या सागरी लढायांवरचा पट हा माहितीपट नाही, कथापट आहे. पण त्यातला पर्ल हार्बरवरचा हल्ला एइजी त्सुबुरायाने प्रतिकृतींनी इतका हुबेहूब बनवला की त्याचे तुकडे नंतर खऱ्या चित्रणासारखे वापरले गेले. याच त्सुबुरायाने बारा वर्षांनी गॉडझिला उभा केला. जपानी वृत्तपटांसाठी ‘निप्पॉन न्यूज’चे अंक शोधा, जपानी प्रसारण संस्था एनएचकेच्या युद्धस्मृतींच्या संग्रहात ते बघायला मिळतात. भाषा कळली नाही तरी चालेल, आवाज तर आपण बंदच ठेवलाय.

आपल्याला जवळचा धागा इथे आहे. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात शिरल्या होत्या. ५ तारखेला कोलंबो, ६ तारखेला आपलं विशाखापट्टणम आणि काकीनाडा, ९ तारखेला त्रिंकोमाली. त्याच ९ तारखेला बट्टिकलोआजवळ ब्रिटिश विमानवाहू नौका ‘हर्मीस’ बुडाली. तिचे बुडतानाचे फोटो जपानी विमानांतून घेतलेले आहेत. कॅमेरा कुठे होता याचं उत्तर इथे पोटात गोळा आणतं. हेच नाव पुढच्या ब्रिटिश नौकेला मिळालं, आणि ती १९८७ मध्ये आपल्याकडे येऊन ‘विराट’ झाली.

ब्रिटिशांचे पट मी उरकून टाकतो, माझं तिकडे फारसं मन रमत नाही. ईलिंग स्टुडिओचा १९४२ चा ‘फाइंड, फिक्स अँड स्ट्राइक’ बघा, त्यांच्या नौदलाच्या हवाई शाखेची कामाची पद्धत कळेल. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या आणि ब्रिटिश पाथे या जुन्या वृत्तपट कंपनीच्या संग्रहात छोट्या फिती पुष्कळ आहेत. त्यात स्वोर्डफिश दिसलं तर थांबा. कापडाने मढवलेलं, दुहेरी पंखांचं, उघड्या आसनांचं विमान, ताशी सव्वादोनशे किलोमीटर गाठताना धापा टाकणारं. याच विमानांनी नोव्हेंबर १९४० मध्ये टारांटो बंदरात इटलीचं आरमार झोपवलं आणि मे १९४१ मध्ये बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेचं सुकाणू निकामी केलं.

आठवी पायरी: निवेदक काय गिळतो

आता आवाज पुन्हा चालू करा. तिसऱ्या वेळी फक्त ऐका, हवं तर डोळे मिटून.

हे पट प्रचारासाठी केले होते. युद्धखर्चासाठी सरकारी रोखे विकायचे होते, पोरं भरती करायची होती, आयांना धीर द्यायचा होता. त्यामुळे शत्रूला चेहरा नाही. जपानी माणसांसाठी वापरलेला शब्द शिवीच आहे आणि तो सर्रास येतो. मुलांसोबत बघणार असाल तर हे आधी सांगून ठेवा. मेलेला जपानी वैमानिक म्हणजे निवेदकाच्या लेखी एक गुण. आपल्या बाजूचा मरतो तेव्हा संगीत बदलतं.

रंगही ऐका, म्हणजे कोण बोलत नाही ते ऐका. जहाजावर जेवण वाढणारे, कपडे धुणारे कृष्णवर्णीय खलाशी पाठीमागे दिसतात. नौदलात त्यांना बराच काळ बहुतेक अशाच कामांवर ठेवलं जायचं. मुख्य तोंडं गोरीच. मुक्या फेरीत त्यांना शोधून ठेवलं असेल तर तिसऱ्या फेरीत निवेदकाचं मौन ठळक होतं.

एवढं असूनही मी हे पट बघतो, कारण प्रचार निवेदनात असतो, चित्र मात्र अनेकदा त्याला दाद देत नाही. निवेदक विजयाबद्दल बोलत असतो आणि कोपऱ्यात एक पोरगा डेकवर झोपलेला असतो, तोंड उघडं, बूट न काढता. त्याला कुणी तिथे बसवलेला नाही.

नववी पायरी: लोखंडापाशी जा

अमेरिकेत असलेल्या मराठी मंडळींचं मोठं भाग्य. ‘फायटिंग लेडी’ अजून आहे! साउथ कॅरोलायनातल्या पेट्रियट्स पॉइंटला ती १९७५ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. तिची भावंडं: न्यूयॉर्कमध्ये इंट्रेपिड, कॅलिफोर्नियात हॉर्नेट, टेक्सासमध्ये लेक्सिंग्टन. न्यू जर्सीवाल्यांनी भारतातून आलेल्या आईवडिलांना इंट्रेपिडवर नेलेलंच असतं, पण पुढच्या वेळी आदल्या रात्री पट दाखवून न्या.

आपल्याकडची कहाणी वेगळी. आपली पहिली विक्रांत मुळात याच युद्धाची लेक. ‘हर्क्युलिस’ नावाने १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये तिची बांधणी सुरू झाली, १९४५ मध्ये तिचं जलावतरण झालं, युद्ध संपल्यामुळे काम अर्धवट राहिलं, आणि तिरका डेक वगैरे बसवून ती १९६१ मध्ये आपल्या नौदलात आली. १९७१ मध्ये तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षं मुंबईत संग्रहालय होती, तेव्हा मी त्या डेकवर उभा राहिलोय. अंतर पावलांनी मोजलं होतं आणि ते भयंकर थोडं वाटलं होतं. २०१४ मध्ये तिला मुंबईच्या दारूखाना भागात तोडायला घेतलं. त्यावर मी इथे काही लिहीत नाही.

विमानं मात्र शिल्लक आहेत. गोव्याला गेलात तर दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. उघड्यावर सी हॉक, अलिझे, सी हॅरियर उभी आहेत. वेळ आधी बघून जा, दुपारच्या उन्हात जाऊ नका, पत्रा तापलेला असतो. लोक समोर उभे राहून फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही वळसा घालून सी हॉकच्या शेपटीकडे जा, खाली वाका आणि हुक शोधा. मनगटाएवढा असेल. मग पंखाचा सांधा शोधा, जिथून तो दुमडतो. आणि मग, तारेत अडकताना या विमानाचं चित्र घ्यायचं असतं तर आपण कुठे उभे राहिलो असतो, ती जागा जमिनीवर नक्की करून तिथे जाऊन उभे राहा.